यंत्राचे अपपाठ : सीरियल पोर्टवरील संदेशवहनातील दोष व त्यांचे निदान

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचा यंत्रांशी येणारा संबंध आता टेपरेकॉर्डरपुरता राहिलेला नाही. स्वरतंतूंच्या कंपनाचा आलेख काढणारे यंत्र, शब्द ओळखण्यास श्रोत्यास किती वेळ लागला हे मोजणारी बटणांची पेटी, एका संगणकावर शब्द दाखवून दुसऱ्यावर त्याची नोंद घेण्याची व्यवस्था, अशा साधनांवाचून ध्वनिविज्ञानाचे व भाषिक मानसशास्त्राचे पदव्युत्तर संशोधन होणे कठीण झाले आहे. या साधनांपैकी पुष्कळशी संगणकाशी सीरियल पोर्टातून बोलतात. नव्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो. त्यामुळे यूएसबीला जोडावयाचा कन्व्हर्टर मध्ये बसवावा लागतो. परंतु त्या कन्व्हर्टरच्या पलीकडे जे चालते ते साठ वर्षांपूर्वीचेच होय.

या पोर्टातून अपेक्षित मजकुराऐवजी भलतीच चिन्हे पडद्यावर उमटू लागली की विद्यार्थी म्हणतात, “कचरा येतो आहे.” आणि पुढे केबल बदलणे, संगणक बंद करून पुन्हा चालू करणे, पेटी पालथी करून ठोकणे असे उपाय सुरू होतात. प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्या ‘कचरा’ या शब्दाला आहे. ज्याला आपण कचरा म्हणतो तो बहुतेक वेळा एक अपपाठ असतो. मूळ पाठापासून तो ठराविक नियमाने च्युत झालेला असतो, आणि तो नीट वाचला तर दोष कोठे आहे हे तोच सांगतो.

ही दृष्टी आपणांस नवी नसावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ साली संपादनाची धुरा घेतल्यावर जी शिस्त घालून दिली, तिचे मर्म हे की चुकीचा पाठ फेकून द्यावयाचा नसतो. तो कसा उत्पन्न झाला हे शोधावयाचे असते. ‘घ’चा ‘ध’ झाला, ‘भ’चा ‘म’ झाला, तर तो लेखनिकाच्या डोळ्याचा दोष होय, आणि तो पोथीभर त्याच रीतीने आढळतो. पान वाळवीने खाल्ले असेल तर मात्र अक्षरे कोठेही आणि कशीही गळतात. नियमित दोष व अनियमित दोष यांतील हा भेद आपल्या विषयात पहिल्या पायरीवरच उपयोगी पडतो. एकच मजकूर दहा वेळा पाठवावा. दहाही वेळा तीच चूक त्याच जागी होत असेल तर तारांना हात लावू नये. दोन यंत्रांमधील करारात विसंगती आहे. चुका दर वेळी निराळ्या असतील तर मात्र करार तसाच ठेवून केबल, जोडणी आणि अर्थिंग यांकडे वळावे.

करार हा शब्द येथे अलंकारिक नाही. सीरियल पोर्टातून एका वेळी एकच बिट जातो, आणि पाठविणाऱ्या व घेणाऱ्या यंत्रांना समाईक घड्याळ नसते. कोणते अक्षर कोठे सुरू झाले व कोठे संपले हे केवळ संकेताने ठरते. तार मोकळी असताना ती एका अवस्थेत स्थिर असते. अक्षर पाठवावयाचे झाले की तिची अवस्था एका बिटापुरती पालटते. हा आरंभबिट होय. त्यामागून अक्षराचे सात किंवा आठ बिट येतात, तेही सर्वांत लहान किमतीचा बिट आधी या क्रमाने. नंतर ठरले असल्यास पॅरिटीचा एक बिट येतो आणि शेवटी तार पूर्वस्थितीवर आणणारा समाप्तिबिट येतो. घेणारे यंत्र आरंभबिटाची चाहूल लागताच आपले घड्याळ लावते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यभागी तारेकडे पाहते. आरंभ, आठ बिट व समाप्ती असा दहा बिटांचा हिशेब धरला तर शेवटच्या बिटाच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिटांचा काळ जातो. तेवढ्या अवधीत दोन्ही घड्याळांत अर्ध्या बिटाहून अधिक फरक पडता कामा नये. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेगांत सुमारे ५ टक्क्यांपर्यंतची तफावत तत्त्वतः खपते; व्यवहारात त्याहून बरीच कमी.

विद्युतदाबाचे संकेतही ठरलेले आहेत. अमेरिकेत १९६० साली निघालेल्या आरएस-२३२ या मानकाची १९६९ची तिसरी आवृत्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तीनुसार तार मोकळी असते तेव्हा तिच्यावर ऋण दाब असतो, आणि ३ ते १५ व्होल्टांच्या पट्ट्यात धन किंवा ऋण दाब म्हणजे अनुक्रमे ० व १. अलीकडे हौशीने किंवा एखाद्या अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्याने तयार करून घेतलेल्या पेट्यांत मात्र ० व ५ किंवा ० व ३.३ व्होल्ट असा व्यवहार असतो, आणि त्यात १ म्हणजे वरचा दाब. या दोन पद्धती एकमेकींच्या उलट आहेत. त्यांची थेट जोडणी केली तर अक्षरे उलटी वाचली जातात एवढेच नव्हे, तर पेटीतील चिप जळूही शकते. मध्ये दाब बदलणारी व उलटविणारी चिप हवी. मॅक्स-२३२ या नावाची चिप याच कामासाठी बाजारात सहज मिळते.

काहीच येत नसेल तर प्रकार वेगळा. अपपाठ नाही, पाठच नाही. येथे वाचनाला वाव नसल्याने थोडक्यात सांगतो. नऊ पिनांच्या प्लगमध्ये संगणकाच्या बाजूने २ क्रमांकाची पिन ऐकण्याची, ३ क्रमांकाची बोलण्याची व ५ क्रमांकाची समाईक भूमीची असते. जुन्या पंचवीस पिनांच्या प्लगमध्ये मात्र २ बोलण्याची, ३ ऐकण्याची आणि ७ भूमीची. ही अदलाबदल ध्यानात न घेता बनविलेल्या केबलमध्ये दोन्ही यंत्रे एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या तारेवर दोघेही कान देऊन बसतात. परीक्षा सोपी आहे. पेटी काढून ठेवावी, संगणकाकडील केबलच्या मोकळ्या टोकाशी २ व ३ या पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्या आणि काही अक्षरे टंकावी. ती परत आली तर पोर्ट, कन्व्हर्टर व त्या टोकापर्यंतची केबल निर्दोष आहे असे समजावे, आणि दोष पलीकडे शोधावा. या परीक्षेचे एक वैगुण्य असे की यंत्र येथे स्वतःशीच बोलत असते. त्याचा वेग चुकीचा लावला असला तरी आपले बोलणे त्याला बरोबरच समजते. म्हणून वेग व पॅरिटी यांविषयी ही परीक्षा काहीही सांगत नाही. काही पेट्या आणखी अशी अपेक्षा ठेवतात की ‘मी तयार आहे’ अशी सूचना देणाऱ्या वेगळ्या तारा, म्हणजे ४, ६, ७ व ८ या पिना, जोडलेल्या असाव्यात. तीन तारांच्या केबलवर त्या मुकाट बसून राहतात.

मुंबईच्या उपनगरांत याला हवामानाची जोड मिळते. जून ते सप्टेंबर या काळात कलिन्याला काय, मुलुंडला काय, बंद कपाटातल्या प्लगच्या पिनांवरही हिरवट थर चढतो. पावसाळ्यापूर्वी उत्तम चालणारी पेटी गणपतीनंतर मधूनच अक्षरे गाळू लागली तर प्रथम प्लग दोन-तीन वेळा काढून घालावा आणि पिना पुसाव्या. दुसरा नेहमीचा प्रकार अर्थिंगचा. संगणक एका भिंतीवरील प्लगला आणि उपकरण दुसऱ्या खोलीतून ओढून आणलेल्या एक्स्टेंशनला जोडलेले असेल, तर दोघांच्या भूमीच्या दाबांत फरक पडतो आणि तो समाईक भूमीच्या तारेतून वाहतो. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवर आणून पाहावीत. लॅपटॉप केवळ बॅटरीवर चालविला असता दोष नाहीसा होत असेल तर निदान झालेच असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. अक्षरे येतात, पण चुकीची येतात.

पहिला प्रश्न संख्येचा. लागोपाठ शंभर अक्षरे पाठवावी आणि किती आली ते मोजावे. शंभराहून पुष्कळ अधिक आली तर घेणारे यंत्र अधिक वेगाने ऐकत आहे. एकेका बिटाला ते दोन किंवा चार बिट समजत आहे. फारच कमी आली तर ते मंद गतीने ऐकत आहे आणि दोन-तीन अक्षरे मिळून त्याला एकच अक्षर ऐकू येत आहे. ९,६०० आणि १९,२०० बॉड हे वेग परस्परांच्या दुप्पट असल्याने ही चूक वारंवार होते. संख्या बरोबर शंभरच भरली तर वेगावर संशय घेण्याचे कारण बहुधा उरत नाही. एवढे साधे मोजमाप न करता आमचे विद्यार्थी वेगाचे सर्व पर्याय एकामागून एक लावीत बसतात, हे आश्चर्य होय.

संख्या बरोबर परंतु काही अक्षरे बरोबर व काही चूक, असा प्रकार आढळला की पॅरिटीकडे पाहावे. याचे एक उदाहरण सविस्तर देण्यासारखे आहे. उपनगरातील एका महाविद्यालयात शब्दनिर्णयाच्या प्रयोगासाठी आठ बटणांची पेटी वापरली जात होती. बटण दाबले की पेटी १ ते ८ यांपैकी एक रोमन अंक संगणकास पाठवी. ३, ५ व ६ ही बटणे उत्तम चालत. १, २, ४, ७ व ८ यांची नोंदच होत नसे. पाच बटणे बिघडली आहेत असे ठरवून पेटी दुरुस्तीस धाडण्याची तयारी झाली होती.

परंतु ही विभागणी पाहा. रोमन अंकांचे संकेत ४८ ते ५७ आहेत. त्यांतील प्रत्येक संकेत द्विमान पद्धतीने लिहून १ किती वेळा येतो हे मोजले तर ०, ३, ५, ६ व ९ या अंकांत ती संख्या सम येते आणि १, २, ४, ७ व ८ यांत विषम. पेटी सात बिट व सम पॅरिटी या करारानुसार बोलत होती. १ची एकूण संख्या सम व्हावी म्हणून विषम असलेल्या अंकांच्या पुढे ती आणखी एक १ जोडीत होती. संगणक मात्र आठ बिट व पॅरिटी नाही असे समजून ऐकत होता. तो जोडलेला १ त्याने आठवा बिट म्हणून, म्हणजे १२८ या किमतीने, मोजला. ४९चे १७७ झाले, ५०चे १७८. असा संकेत कार्यक्रमास ठाऊक नसल्याने त्याने तो मुकाट्याने सोडून दिला. बटणे निर्दोष होती आणि तारही. संगणकावरील एका ओळीची जुळणी बदलताच आठही बटणे बोलू लागली.

हे उदाहरण देण्याचे कारण पेटीची दुरुस्ती वाचली हे नव्हे. ‘होय’साठी ३ आणि ‘नाही’साठी ४ हे बटण ठरविले असते, तर प्रत्येक ‘नाही’ हे उत्तर ‘प्रतिसाद नाही’ म्हणून नोंदले गेले असते. प्रयोग व्यवस्थित पार पडला असता, कोष्टके तयार झाली असती, आणि श्रोते अपरिचित शब्दांपुढे निरुत्तर होतात असा एक निष्कर्ष प्रबंधात गेला असता. पडद्यावर उघड दिसणारा अपपाठ बरा. कार्यक्रमाने परस्पर झाकलेला अपपाठ संशोधनास घातक असतो. म्हणून कोणतेही नवे उपकरण जोडल्यावर, प्रयोगाचा कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी, आलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा संख्यारूपाने दाखविणारा एखादा साधा टर्मिनल कार्यक्रम चालवून पाहणे अगत्याचे आहे.

जिज्ञासूंसाठी एक गंमत. जुन्या देवनागरी टर्मिनलवर वरील पेटी जोडली असती तर १च्या जागी ‘औ’, २च्या जागी ‘ऑ’, ४च्या जागी ‘ख’, ७च्या जागी ‘ङ’ आणि ८च्या जागी ‘च’ उमटला असता. कारण इस्की या भारतीय संकेतप्रणालीत, जी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केली, इंग्रजी अक्षरांना १२८च्या खालचा भाग ठेवून भारतीय लिप्यांना वरचा भाग दिला आहे. १७७ म्हणजे तेथे ‘औ’.

या योजनेमुळे देवनागरी मजकुराचे सारे भवितव्य आठव्या बिटावर अवलंबून राहिले. तो बिट वाटेत गळाला, म्हणजे एका बाजूने सात बिटांचा करार लावला, तर इंग्रजीचे काहीच बिघडत नाही. त्यामुळे परीक्षेसाठी इंग्रजी वाक्य पाठविणाऱ्यास सर्व आलबेल दिसते. देवनागरी मात्र वेगळ्याच लिपीत जाऊन पडते. इस्कीत ‘मराठी’ या शब्दाचे पाच संकेत २०४, २०७, २१८, १९० व २२० असे आहेत. प्रत्येकातून १२८ वजा करा : ७६, ७९, ९०, ६२, ९२. पडद्यावर रोमन एल, ओ, झेड, मग गणितातील ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह आणि शेवटी उलटी तिरपी रेघ दिसते. ज्याला हे कोष्टक ठाऊक आहे तो हा शब्द थेट वाचू शकतो. अशा रीतीने बिघडलेला संपूर्ण देवनागरी मजकूर १२८ मिळवून परत आणता येतो. काहीही नष्ट झालेले नसते. मजकुरात मुळातच रोमन अक्षरे मिसळलेली असली की मात्र ‘एल’ हे अक्षर मूळचे की ‘म’चे अवशेष, हे ठरविण्यास संदर्भावाचून दुसरे साधन नाही, आणि आपण पुन्हा पाठचिकित्सेच्या प्रांतात येतो.

आज आपण यूनिकोड वापरतो. त्याचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेला असला तरी तारेवरून तो यूटीएफ-८ या रूपात जातो, आणि त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा चिन्हानुसार बदलणारा. ‘मराठी’ला आता पाचाऐवजी पंधरा बाइट पडतात. यातून दोन निराळ्या अपपाठांची ओळख पटते. आठही बिट सुखरूप पोहोचले परंतु घेणाऱ्याने त्यांस पश्चिम युरोपीय लिपी समजून दाखविले, तर दर तीन चिन्हांमागे डोक्यावर तिरकी मात्रा असलेला रोमन ए आणि त्याला लागून चार कोपऱ्यांना शिंगे असलेले वाटोळे चलनचिन्ह दिसते. येथे तारेचा दोष शून्य. चूक केवळ वाचनाची. आठवा बिट गळाला असेल तर मात्र २२४चे ९६ व १६४चे ३६ होते आणि पडद्यावर डॉलरच्या चिन्हांची माळ दिसते. हे दोन अपपाठ ओळखता आले तर देवनागरीच्या बाबतीतील बहुतेक तक्रारींचा निकाल जागच्या जागी लागतो.

दुसऱ्या प्रकारात एक गुंता असा आहे की जो यूटीएफ-८च्या विशेष रचनेमुळे उत्पन्न होतो. देवनागरी विभागाच्या आरंभापासून ‘ट’पर्यंतच्या चिन्हांचा तिसरा बाइट १२८ ते १५९ या दरम्यान पडतो. आठवा बिट गळाला की तो ० ते ३१ या पट्ट्यात येतो, आणि तो पट्टा अक्षरांचा नाही. तो यंत्रास दिलेल्या आज्ञांचा आहे. ‘ई’चे होते ८, म्हणजे एक अक्षर मागे जाण्याची आज्ञा. ‘ऊ’चे होते १०, म्हणजे नवी ओळ. आणि ‘ओ’चे होते १९. हा १९ अनेक जोडण्यांत ‘थांब, आता पाठवू नकोस’ अशी सूचना म्हणून वापरला जातो, आणि १७ ही ‘पुन्हा सुरू कर’ अशी. एका संगणकावर शब्द दाखवून तोच शब्द दुसऱ्याकडे नोंदीसाठी पाठविण्याची, व त्याची पोच आल्यावरच पुढचा शब्द दाखविण्याची व्यवस्था आहे असे समजा. ‘दगड’, ‘नदी’, ‘माती’ या शब्दांच्या नोंदीत डॉलरची चिन्हे पडतील, पण प्रयोग पुढे सरकत राहील. ‘ओढा’ हा शब्द आला की नोंद घेणारा संगणक १९ हा अंक थांबण्याची सूचना समजून आपले बोलणे बंद करील. पोच जाणार नाही आणि पहिला संगणक तिची वाट पाहत राहील. दोघेही निर्दोष, दोघेही तटस्थ. यादीत पुढे कोठे ‘ऑ’ असता तर त्याच्या १७ने कोंडी फुटलीही असती. पण पुढचा शब्द जाणारच नाही. एखादाच शब्द आला की प्रयोग अडतो अशी तक्रार ऐकून हसू नये. त्या शब्दात ‘ओ’ आहे का, हे पाहावे.

सात बिटांचा हा करार केवळ जुनाट यंत्रांचा हट्ट नव्हता. त्याचा एक जवळचा इतिहास आपल्याच उपनगरांत घडला आहे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या अगदी आरंभीच्या दुव्यांपैकी एक दुवा जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांमधील होता. १९८७च्या सुमारास या दोन ठिकाणी टेलिफोनच्या तारेवरून इलेक्ट्रॉनिक डाक जाऊ-येऊ लागली. संगणकाच्या सीरियल पोर्टाला मोडेम, मोडेमला टेलिफोन, आणि मध्ये अंधेरीच्या अंगाने जाणारी एक्स्चेंजांची साखळी. बाह्य उपकरणाशी संगणकाचे बोलणे म्हणतात ते हेच. १९८९ साली जुहूहून अमेरिकेशी कायमची तार जोडली गेली तेव्हा तिचा वेग सेकंदास ९,६०० बिट एवढा होता. म्हणजे आज आमच्या प्रयोगशाळेतील बटणांची पेटी ज्या वेगाने बोलते तोच. जुहूची संस्था पुढे सीडॅकमध्ये विलीन झाली.

त्या काळच्या डाकेचा करार सात बिटांचा होता. देवनागरी किंवा कोणतीही आठ बिटांची सामग्री पाठवावयाची तर दर तीन बाइटांचे चार सुरक्षित रोमन चिन्हांत रूपांतर करून ती पाठवावी लागे व पलीकडे उलट रूपांतर करावे लागे. ईमेलला जोडलेली फाइल आजही बहुधा याच तत्त्वाने जाते. परंतु जुहू-पवई दुव्यापासून आपण घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. टेलिफोनच्या तारेवर खरखर असे आणि तिच्यातून न पाठविलेली अक्षरे उत्पन्न होत. त्यावर यूयूसीपी या डाकपद्धतीने काढलेला उपाय असा : मजकुराचे लहान लहान तुकडे, नेहमीच्या जुळणीत ६४ बाइटांचे, करावयाचे, प्रत्येकास क्रमांक द्यावयाचा, त्यातील बाइटांवरून काढलेली एक पडताळणीची संख्या सोबत पाठवावयाची, ती जुळली नाही तर तो तुकडा पुन्हा मागावयाचा. सीरियल पोर्ट स्वतः यांपैकी काहीही करीत नाही. अक्षर पोहोचले की नाही हे तो पाठविणाऱ्यास कळवीत नाही, आणि पॅरिटीने एक बिट चुकल्याचे कळले तरी दोन बिट चुकल्याचे कळत नाही. आपल्याकडील कित्येक पेट्या आणि यंत्रे निव्वळ अंक पाठवितात, ना क्रमांक ना पडताळणी. असे यंत्र वापरताना निदान प्रत्येक नोंदीची संख्या तरी मोजली पाहिजे : किती शब्द दाखविले, किती प्रतिसाद आले, किती वेळा श्रोत्याने खरोखरच बटण दाबले नाही.

शेवटचा दोष असा आहे की ज्यात एकही अक्षर चुकत नाही. तो कालाचा दोष होय, आणि प्रतिक्रियाकाल मोजणाऱ्यांनी त्याकडे विशेष लक्ष पुरविणे इष्ट आहे.

९,६०० बॉडवर एक अक्षर पोहोचण्यास १ मिलिसेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. हा विलंब नियमित असल्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पुष्कळ जण तरीही वेग वाढवून १,१५,२०० करतात आणि आपण काळजी घेतली असे मानतात. खरा विलंब यूएसबी कन्व्हर्टरमध्ये असतो. एफटीडीआय या कंपनीच्या प्रचलित चिपमध्ये आलेले अक्षर लगेच संगणकाकडे न देता थोडी वाट पाहण्याची योजना आहे, आणखी अक्षरे आली तर सर्वांची एकच खेप करावी म्हणून. ही वाट पाहण्याची मुदत मुळात १६ मिलिसेकंदांची ठेवलेली असते. फाइल पाठविणाऱ्यास ती सोयीची आहे. बटणांच्या पेटीतून मात्र एका वेळी एकच अक्षर येते, त्यामुळे ते ० ते १६ मिलिसेकंदांत कधीही संगणकाच्या हाती पडते. सरासरी ८ मिलिसेकंद उशिरा. परिचित व अपरिचित शब्दांच्या ओळखीतील जे फरक आपण मोजतो ते पुष्कळदा काही दशक मिलिसेकंदांचे असतात.

एकाच यंत्रावर, त्याच श्रोत्यांकडून दोन्ही प्रकारच्या शब्दांची चाचणी घेतली असेल तर सरासरीतील फरकास धक्का लागत नाही. विखुरलेपणा तेवढा वाढतो. परंतु कोकणी पार्श्वभूमीच्या श्रोत्यांची चाचणी कलिन्यास विभागाच्या संगणकावर आणि वऱ्हाडी पार्श्वभूमीच्या श्रोत्यांची बोरिवलीच्या एखाद्या महाविद्यालयात दुसऱ्याच लॅपटॉपवर घेतली, आणि दोन्हींच्या कन्व्हर्टरची जुळणी भिन्न असली, तर ८ मिलिसेकंदांचा एक बोलीभेद आपण निर्माण करून ठेवू. तो संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरण्याचाही संभव आहे, कारण तो नियमित आहे. उपाय मात्र दोन मिनिटांचा. विंडोजमध्ये त्या पोर्टच्या प्रगत जुळणीत ही मुदत १६ची १ करता येते. लिनक्सवरही एका फाइलीत १ हा अंक लिहून ती बदलते. सर्व चिपांना ही सोय नसते. म्हणून कन्व्हर्टर घेताना किंमत पाहण्याआधी आतील चिप कोणती हे विचारावे. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे विचारल्यास कोणी नवल करीत नाही. नामांकित चिपांच्या नकलाही बाजारात असतात, आणि मूळ उत्पादकाच्या नव्या ड्रायव्हरने त्या नाकारल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा काल चालणारा कन्व्हर्टर संगणकाच्या अद्ययावतीकरणानंतर आज चालत नसेल, तर केबल सोलण्यापूर्वी हेही पाहावे.

प्रतिक्रियाकालावर आधारलेल्या प्रबंधांत श्रोत्यांचे वय, शिक्षण व मातृभाषा यांची नोंद कसोशीने असते; उपकरणाच्या जोडणीविषयी मात्र ‘संगणकाच्या साहाय्याने’ एवढेच लिहिलेले आढळते. तेथे वेग, बिटांची संख्या, पॅरिटी, कन्व्हर्टरची चिप आणि तिची मुदत यांची एक ओळ असावी, आणि पेटीतून आलेले बाइट जसे आले तसे, कार्यक्रमाने त्यांचा अर्थ लावण्यापूर्वीच्या रूपात, वेगळ्या फाइलीत साठवून प्रबंधासोबत जपून ठेवावे. दहा वर्षांनी एखाद्या चिकित्सकास त्या निष्कर्षांची शंका आली तर मूळ पोथी त्याच्या हाती असेल.